देठावरचा प्राणी आणि त्याने सोडलेला उथळ समुद्र

न्यूयॉर्कच्या एम्पायर स्टेट बिल्डिंगला बाहेरून जो फिकट दगड लावला आहे, तो अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला चुनखडक आहे. तो दगड भिंगातून पाहिला तर शंखशिंपल्यांच्या चुऱ्यात मध्येच गोल, मधोमध बारीक भोक असलेल्या चकत्या दिसतात. या चकत्या म्हणजे क्रिनॉइड नावाच्या समुद्री प्राण्याच्या देठाचे तुकडे. हा दगड तयार झाला तेव्हा, म्हणजे ढोबळमानाने ३४ कोटी वर्षांपूर्वी, त्या जागी उबदार आणि उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळावर क्रिनॉइडांची दाटी होती.

क्रिनॉइड आजही आहेत. पण देठ असलेला जिवंत क्रिनॉइड पाहायचा तर साधारण शंभर मीटरच्या खाली उतरावं लागतं. काही जाती तर सुमारे ९,००० मीटर खोल समुद्री गर्तांमध्ये राहतात. एकाच घराण्यातल्या प्राण्यांचे पूर्वज उन्हाने उजळलेल्या पाण्यात आणि वंशज काळोखात, हे कसं झालं? आणि मग जिवंत क्रिनॉइडकडे पाहून दगडातल्या क्रिनॉइडबद्दल काही बोलायचं तर कितपत विश्वासाने बोलता येतं?

प्राणी कसा आहे

दिसायला वनस्पती, पण आहे प्राणी. तारामासा, सी अर्चिन, समुद्रकाकडी यांच्याच कंटकचर्मी संघातला. तळाला घट्ट धरणारा देठ, देठाच्या टोकाला पेल्याच्या आकाराचं छोटं शरीर, आणि पेल्याच्या काठावरून निघालेले हात. या हातांना दोन्ही बाजूंनी बारीक उपशाखा असतात, त्यांना पिन्यूल म्हणतात. तारामाशाचं तोंड खाली जमिनीकडे असतं, क्रिनॉइडचं देठाच्या विरुद्ध बाजूला, हातांच्या मधोमध. गुदद्वारही त्याच बाजूला, तोंडाच्या शेजारी. ही रचना आपल्याला विचित्र वाटते, पण तिच्यावर बसून पिढ्यान्‌पिढ्या पोट भरलेल्या गोगलगाई होत्या. त्यांच्याकडे नंतर येतो.

आज क्रिनॉइडांच्या सहाशेहून थोड्या जास्त जाती जिवंत आहेत. त्यांतल्या देठवाल्यांना सी लिली म्हणतात आणि त्या जेमतेम शंभरेक आहेत. बाकी सगळे फेदर स्टार. फेदर स्टार लहानपणी देठावर उभा असतो, मोठा होताना देठ सोडून देतो आणि पेल्याच्या बुडाशी असलेल्या नखांसारख्या तंतूंनी, म्हणजे सिरींनी, प्रवाळाला किंवा दगडाला पकडून बसतो. काही जाती हात वरखाली हलवत पोहतातही. प्रवाळभित्तींवर डुबकी मारणाऱ्यांना रात्री जे रंगीत, पिसांसारखे हात पसरलेले प्राणी दिसतात ते हेच.

जीवाश्मांतून मात्र सहा हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत. म्हणजे आज आपण एका मोठ्या खानदानाची उरलेली शाखा पाहत आहोत. ऑर्डोव्हिशियन काळाच्या सुरुवातीला, ४८ कोटी वर्षांच्या आसपास, क्रिनॉइड ठळकपणे दिसू लागतात. कार्बोनिफेरस काळाच्या पूर्वार्धात, म्हणजे इंडियानाचा दगड बनला त्या सुमारास, त्यांची भरभराट शिगेला पोचते. २५.२ कोटी वर्षांपूर्वी पर्मियन काळाच्या अखेरीला जो महाविनाश झाला त्यातून हा वर्ग कसाबसा वाचला, आणि आजचे सगळे क्रिनॉइड त्या वाचलेल्या थोडक्यांपासून आले आहेत.

तुकडे काय सांगतात, काय लपवतात

क्रिनॉइडचा सांगाडा शेकडो, कधी हजारो सुट्या तुकड्यांचा असतो. प्रत्येक तुकडा कॅल्साइटचा, आणि त्यातली गंमत अशी की एक अख्खा तुकडा म्हणजे कॅल्साइटचा एकच स्फटिक. तरीही तो भरीव नसतो. आतून बारीक छिद्रांची जाळी असते आणि जिवंतपणी त्या छिद्रांत मऊ ऊती भरलेल्या असतात. प्राणी मेला की ऊती कुजतात आणि कालांतराने पाण्यातलं कॅल्साइट तिथे साचतं, तेही मूळ स्फटिकाच्याच दिशेने. म्हणून क्रिनॉइडचा जीवाश्म फुटला की सपाट, चकाकणारा पृष्ठभाग दिसतो. प्रत्यक्ष दगड हातात घेतल्यावर क्रिनॉइड ओळखायची ही सगळ्यात सोपी खूण आहे. शिंपल्याचा तुकडा असा चमकत नाही.

हे तुकडे एकमेकांना ऊतींनीच बांधलेले असतात. देठात तर स्नायू अजिबात नसतात, नुसत्या संयोजी तंतूंची बांधणी. त्यामुळे मृत्यूनंतर काही दिवसांतच दोरा तुटलेल्या माळेसारखं सगळं ओघळून जातं. इंग्लंडच्या उत्तरेकडच्या लिंडिसफार्न बेटावर अशा चकत्यांना ‘संत कथबर्टचे मणी’ म्हणत आणि लोक त्यांच्या जपमाळा करत.

जुना समुद्र वाचणाऱ्याला यातून दोन गोष्टी मिळतात. पहिली अशी की अख्खा, हातापायांसकट शाबूत क्रिनॉइड मिळाला तर तो जिवंतपणी किंवा मेल्याबरोबर गाळाखाली गाडला गेला असणार. वादळाने उसळलेला चिखल, किंवा नदीमुखाजवळ अचानक येऊन पडलेला गाळ. इंडियानातल्या क्रॉफर्ड्सव्हिल गावाजवळ मिळालेले देखणे जीवाश्म असेच अकस्मात गाडले गेलेले आहेत. जर्मनीतल्या हुन्सरूक भागातल्या डेव्होनियन काळच्या, म्हणजे सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वीच्या पाटीच्या दगडात तर काही क्रिनॉइडांवर पायराइट, म्हणजे लोखंड आणि गंधकाचं खनिज, चढलं आहे. त्यामुळे दगड न फोडता क्ष-किरणांनी त्यांचे आतले तपशील पाहता आले.

दुसरी गोष्ट जरा सावध करणारी आहे. ताजा सुटा तुकडा जाळीदार असल्याने हलका असतो आणि मंद प्रवाहानेही वाहून जातो. म्हणजे नुसत्या चकत्यांचा खच सापडला म्हणून प्राणी नेमके तिथेच उभे होते असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. तरी काही थर इतके अवाढव्य आहेत की शंका मागे पडते. आयोवा, इलिनॉय आणि मिसूरी या राज्यांत पसरलेल्या बर्लिंग्टन चुनखडकात कित्येक ठिकाणी दगडाचा बहुतांश भाग क्रिनॉइडांच्या तुकड्यांचाच आहे. असे शेकडो चौरस किलोमीटर पसरलेले थर ऑर्डोव्हिशियनपासून जुरासिकपर्यंत अधूनमधून बनत राहिले, नंतर नाही.

आधी दगडात, मग समुद्रात

युरोपातल्या अभ्यासकांना क्रिनॉइड आधी जीवाश्म म्हणून माहीत होते. अठराव्या शतकाच्या मध्याला कॅरिबियनमधल्या मार्टिनिक बेटाहून आलेला एक देठवाला प्राणी पॅरिसमध्ये झाँ-एतिएन गेतारच्या हाती पडला, आणि दगडात सापडणाऱ्या चांदणीच्या आकाराच्या चकत्यांचे भाईबंद अजून जिवंत आहेत हे त्याने ओळखलं. ब्रिस्टलच्या जे. एस. मिलरने १८२१ साली या गटाला क्रिनॉइडिया हे नाव दिलं. आयर्लंडच्या किनाऱ्यावर जॉन व्हॉन थॉम्सनला देठवाला एक इवलासा क्रिनॉइड मिळाला. त्याला आधी ती वेगळी जात वाटली. पुढे १८३०च्या दशकात त्यानेच दाखवलं की हे फेदर स्टारचं बाळ आहे.

१८४०च्या दशकात एडवर्ड फोर्ब्झ या ब्रिटिश निसर्गअभ्यासकाने मत मांडलं होतं की सुमारे ५५० मीटरखाली समुद्रात जीवसृष्टी नसावी. १८६०च्या दशकात नॉर्वेच्या लोफोटेन बेटांजवळच्या खोल पाण्यातून सार्स या प्राणिशास्त्रज्ञ पितापुत्रांनी एक चिमुकली सी लिली वर काढली. तिचं बांधकाम जुन्या जीवाश्मांच्या वळणाचं होतं. खोल समुद्रात ‘हरवलेले’ प्राणी दडलेले असतील या कल्पनेला त्यामुळे जोर आला, आणि १८७२ ते १८७६ या काळात चॅलेंजर जहाजाने समुद्राच्या अभ्यासासाठी केलेल्या जगप्रवासामागे जी उत्सुकता होती तिच्यात या लिलीचा वाटा आहे.

तरी जाळ्यात अडकून वर आलेला क्रिनॉइड म्हणजे मोडकातोडका नमुना. तो खाली कसा उभा राहतो, काय खातो, हलतो का, हे कळायला माणसाला स्वतः खाली जावं लागलं.

प्रवाहाला पाठ

फार काळ समजूत अशी होती की सी लिली शांत पाण्यात तोंड वर करून, हात पसरून उभी राहते आणि वरून पडणारे अन्नकण झेलते. पुस्तकांतली चित्रंही तशीच. जमैकाच्या किनाऱ्याजवळ छोट्या पाणबुडीतून उतरून डोनाल्ड मॅकर्डा आणि डेव्हिड मेयर यांनी जे पाहिलं ते वेगळंच होतं, आणि १९७४ साली त्यांनी ते प्रसिद्ध केलं. लिलीचा देठ वर उठून वाकलेला, हात गोलाकार पसरून प्रवाहाकडे मागे वळलेले, आणि तोंड पाणी वाहत जातं त्या दिशेला. म्हणजे हा प्राणी प्रवाहाला पाठ करून जेवतो.

याचं कारण सरळ आहे. पाणी हातांच्या आणि पिन्यूलांच्या फटींमधून पलीकडे जातं आणि जाताना जरा मंदावतं. पिन्यूलांवर नळीपाद असतात, बोटांसारखे लवचीक आणि चिकट. ते प्रवाहाच्या आडोशाच्या बाजूला असतात. कण त्यांना लागला की तो चिकट स्रावात अडकतो, मग पिन्यूलवरच्या खाचेत ढकलला जातो, तिथून हाताच्या खाचेत, तिथून तोंडात. पाणी ओढून घ्यायचा पंप वगैरे काही नाही, सगळी मेहनत प्रवाहाची. त्यामुळे पाणी वाहतं नसेल तर सी लिली उपाशी. म्हणूनच आजही त्या समुद्रतळावरच्या उंचवट्यांवर, कड्यांवर, जिथे प्रवाह सतत चालू असतो अशा जागी दाटीने सापडतात.

माझ्या मते जिवंत क्रिनॉइडांच्या अभ्यासाने जीवाश्मविज्ञानाला दिलेली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच आहे, कारण हात दगडात टिकतात. दाट पिन्यूल असलेले हात म्हणजे बारीक विणीचं जाळं. ते चालायला पाणी जोरात वाहायला हवं, नाहीतर पाणी फटींतून न जाता बाजूनेच निघून जाईल. विरळ, पिन्यूल नसलेले हात आणि रुंद खाचा असतील तर मंद प्रवाहातही निभतं. थॉमस कॅमर आणि विल्यम ऑसिच यांनी १९८७ साली कार्बोनिफेरस काळातल्या क्रिनॉइडांवर हे गणित लावून पाहिलं आणि कुठल्या तळावर कुठले क्रिनॉइड का होते याचा संबंध प्रवाहाच्या वेगाशी जोडला. कोट्यवधी वर्षांपूर्वी आटलेल्या समुद्रात पाणी जोरात वाहत होतं की संथ, हे एका प्राण्याच्या हातांवरून सांगता येतं!

देठाची लांबीही बोलते. ऑसिच आणि डेव्हिड बॉटजर यांनी १९८२ साली दाखवलं की पुराजीव महाकल्पात, म्हणजे पर्मियनच्या महाविनाशापर्यंतच्या काळात, तळावरचे गाळणखाऊ प्राणी उंचीप्रमाणे पाणी वाटून घेत. काही तळालगत, काही मध्ये, आणि लांब देठांचे क्रिनॉइड तळापासून मीटरभर उंचीपर्यंत. जमिनीवरच्या जंगलात उजेडासाठी जे होतं ते इथे अन्नकणांसाठी.

उथळ पाणी का सोडलं

आता खोलीचा प्रश्न. जिवंत सी लिली खोल पाण्यात राहतात हे पाहून दगडात सी लिली सापडली की ‘इथे खोल समुद्र होता’ असं म्हणायचा मोह होतो. तो साफ चुकीचा ठरतो. पुराजीव महाकल्पातले बहुतेक देठवाले क्रिनॉइड उथळ, उबदार समुद्रांत वाढत होते, हे त्यांच्या शेजारी सापडणाऱ्या प्रवाळांवरून आणि लाटांच्या खुणा असलेल्या थरांवरून कळतं. प्रवाहाची गरज तेव्हाही होती, आजही आहे. पत्ता मात्र बदलला.

१९७७ साली मेयर आणि मॅकर्डा यांनी त्याचं कारण सुचवलं: शिकारी. त्याच वर्षी गीरट व्हर्मेय यांनी त्या महाविनाशानंतरच्या मध्यजीव महाकल्पातल्या समुद्री शिकाऱ्यांच्या वाढीचा सिद्धांत मांडला. कवच फोडणारे मासे, खेकडे, नव्या दमाचे सी अर्चिन यांची संख्या आणि ताकद वाढत गेली, तसं एका जागी उभं राहून जेवणं महाग पडू लागलं. देठवाले खोल पाण्यात सरकले आणि उथळ पाण्यात उरले ते देठ सोडून हलू शकणारे फेदर स्टार, असा हा तर्क.

तर्क छान असले तरी पुरावा लागतो, आणि तो हळूहळू जमा होत गेला. क्रिनॉइडचा हात तुटला की नवा उगवतो, आणि नवा भाग काही काळ बारीक दिसतो. म्हणजे हातांवरून हल्ल्यांची नोंद वाचता येते. जपानी संशोधक तात्सुओ ओजी यांनी अटलांटिकमधल्या एका सी लिलीचे वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासले. उथळ भागातल्या नमुन्यांत नव्याने उगवलेले हात जास्त निघाले, खोल भागात कमी. ओजी यांनी शोनान अमेमिया यांच्याबरोबर जपानजवळच्या एका सी लिलीवर केलेल्या प्रयोगांत तर हातांसकट वरचा भाग काढून टाकल्यावरही तो पुन्हा वाढला.

टोमाश बॉमिलर आणि चार्ल्स मेसिंग यांनी बहामा बेटांजवळ पाणबुडीतून घेतलेल्या चित्रफितींत तर सी लिली चालताना दिसली. आडवी पडून, हातांनी तळाला ओढ घेत, देठ मागे फरफटत. वेग सेकंदाला काही सेंटीमीटर. ऐकायला किरकोळ वाटेल, पण देठवाला क्रिनॉइड हलला तरी अगदीच कूर्मगतीने हलतो, असं तोवर मानलं जात होतं. त्याच परिसरात सिडारॉइड गटातले सी अर्चिन क्रिनॉइडांच्या आसपास आढळले आणि त्यांच्या पोटात क्रिनॉइडचे तुकडे निघाले. म्हणजे पळायला कारण होतं. देठाचं खालचं टोक मोडून टाकून निसटायची सोयही या प्राण्यात आहे. शत्रू देठाचा शेंडा चघळत बसतो आणि मालक पुढे सरकतो.

मग याच गटाने मागे वळून जीवाश्म पाहिले. पोलंडमधल्या, पर्मियननंतरच्या ट्रायासिक काळच्या देठांच्या तुकड्यांवर सी अर्चिनच्या दातांच्या खुणा मिळाल्या आणि २०१०मध्ये त्यावर निबंध आला. पर्मियनच्या महाविनाशानंतर जे क्रिनॉइड वाढले त्यांत हलू शकणारे इतके का, याचं एक उत्तर त्यात आहे. पुराजीव काळातले बरेचसे क्रिनॉइड तळाला कायमचे चिकटलेले होते.

शिकाऱ्यांचं म्हणणं मला पटतं, आणि पटायचं मोठं कारण अंटार्क्टिकाजवळचं सीमोर बेट. तिथल्या इओसीन काळाच्या उत्तरार्धातल्या, म्हणजे सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत देठवाले क्रिनॉइड चक्क उथळ पाण्यात दाटीने राहत होते. तोवर बाकी जगात ते उथळातून जवळजवळ नाहीसे झाले होते. रिचर्ड ॲरन्सन, डॅनियल ब्लेक आणि ओजी यांनी १९९७ साली मांडलेलं स्पष्टीकरण असं की तिथलं पाणी थंड होत गेलं, शिकारी मासे आणि खेकडे कमी झाले आणि जुन्या वळणाची वस्ती पुन्हा उभी राहिली. कारण हटलं की परिणामही मागे फिरतो, हे निसर्गात इतकं स्वच्छ क्वचित पाहायला मिळतं.

सोबती आणि फुकटे

आता त्या गोगलगाई. पुराजीव महाकल्पात प्लॅटिसेराटिड नावाच्या गोगलगाई क्रिनॉइडच्या गुदद्वारावर ठाण मांडून बसत. शंखाचा काठ क्रिनॉइडच्या पेल्यावर नेमका बसेल असा वाढलेला, म्हणजे मुक्काम आयुष्यभराचा. विष्ठा खात असतील, काही बहुधा त्याहून जास्त काही चोरत असतील. मायझोस्टोमिड नावाचे कृमी आजही क्रिनॉइडांवर राहतात, आणि तशा कृमींनी केलेल्या गाठी जीवाश्मांतही दिसतात. फेदर स्टारच्या हातांमध्ये आज कोळंब्या, छोटे खेकडे, मासे त्याच्याच रंगात मिसळून राहतात. पण मऊ अंगाचे भाडेकरू दगडात येत नाहीत, त्यामुळे जुन्या क्रिनॉइडांच्या अंगावरची गर्दी आपल्याला दिसते त्याहून मोठी असणार.

जिथे मेला तिथे जगलाच असं नाही

जर्मनीतल्या होल्झमाडेनचे काळे, पातळ थर सुमारे १८ कोटी वर्षांपूर्वीचे, जुरासिक काळातले. त्या समुद्राच्या तळाशी बहुतेक काळ ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. तिथे तळावर कुठलाही क्रिनॉइड जगणं कठीण. तरीही सेरोक्रिनस नावाचे प्रचंड क्रिनॉइड तिथेच मिळतात, काहींचे देठ कित्येक मीटर लांब. हाउफ संग्रहालयात एका ओंडक्यासकट त्यांची अख्खी वसाहत मांडून ठेवली आहे, आणि तो ओंडकाच या कोड्याची किल्ली आहे. हे क्रिनॉइड तळावर नव्हतेच. पाण्यावर तरंगणाऱ्या लाकडाला धरून, हात खाली सोडून, ते लोंबकळत प्रवास करत होते. लाकूड भिजून किंवा भार वाढून बुडालं की सगळी वसाहत त्या मृत तळावर जाऊन पडे, आणि तिथे कुरतडायला कोणी नसल्याने शाबूत राही.

हे तराफे किती काळ टिकत असतील? आरन हंटर आणि सहकाऱ्यांनी २०२०मध्ये केलेल्या अभ्यासातून उत्तर आलं ते दहा वर्षांहून जास्त, कदाचित वीसपर्यंत. एवढे मोठे प्राणी पूर्ण वाढायला तितका वेळ हवाच. आज समुद्रात लाकूड इतकं टिकत नाही, कारण लाकूड पोखरणारे शिंपले ते खाऊन टाकतात. हे शिंपले पुढे पसरले आणि तराफ्यांवरचं हे जगणं संपलं, असं त्याचं एक स्पष्टीकरण दिलं जातं.